सहा बोटांची तुंगा

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली पाच-सहा वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर हसायला वाचते. पांढरी साडी, वळणावरचं झाड, 'मागे वळून पाहू नकोस' म्हणणारा म्हातारा... की झालं. मी शाळेत विज्ञान शिकवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. भीती मला मुळातच कमी. मला येते ती किळस, आणि ती मात्र कशाचीही येते. ओलं पायपुसणं, बेसिनच्या जाळीत अडकलेले सांबारातले कढीपत्ते... कुणी मचमच आवाज करत जेवलं की माझं ताट बाजूला. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. सांगायचं कारण इतकंच, की पुढे जे लिहिणार आहे त्यात तुम्ही भीती शोधाल तर बहुतेक हाती काही लागणार नाही. या सगळ्या प्रकरणात मी घाबरले नाही. मला शिसारी आली. अजून येते.

मी मूळची सांगलीची. चेन्नईत नोकरीसाठी आले आणि इथल्याच एका तंजावर मराठी घरात लग्न झालं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — ही माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तंजावरला गेली, तिथून पुढे चेन्नईत आली. घरात मराठी बोलतात, पण असं की पहिले सहा महिने मी नुसती मान डोलवत होते. अर्धे शब्द पणजीच्या काळातले, अर्धे तमिळ, आणि चाल तर पूर्ण तमिळच. आम्ही पश्चिम तांबरमला राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, तिसरा मजला. हॉलच्या खिडकीतून लोकल गाड्या दिसतात. घरात तिघंच. नवरा रघू बँकेत आहे, मी, आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. सासरे, म्हणजे अप्पा, दोन वर्षांपूर्वी गेले.

अप्पांबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल. रेल्वेत क्लार्क होते, पण नात्यागोत्यात त्यांची ओळख गाण्यांमुळे. तंबोरा घेऊन भजनं म्हणायचे, स्वतः गाणी रचायचे. इथल्या लग्नात मुहूर्ताआधी एक ऊंजल असतो. नवरानवरीला झोपाळ्यावर बसवतात, बायका दूध-केळं भरवतात, रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकतात, दिवा घेऊन भोवती फिरतात आणि गाणी म्हणतात. आमच्या घराण्यात त्यासाठी दर लग्नाला नवं गाणं लागतं. एकदा म्हटलेलं गाणं दुसऱ्या लग्नात म्हणायचं नाही. शेवटच्या कडव्यात घरातल्या बायकांना एकेक करून नावानं बोलवायचं — जिवंत असलेल्यांना आणि गेलेल्यांनाही — की या, झोपाळ्याभोवती उभ्या राहा. ही गाणी चाळीस-पंचेचाळीस वर्षं अप्पांनी लिहिली. माझ्या लग्नातलंही त्यांचंच. त्यात 'सांगलीहून आली मेधा, वाट दाखवा तिला' अशी ओळ होती, आणि मी, जिला रडणं जमत नाही ती मी, झोपाळ्यावर बसून रडले होते.

हे अप्पांचं गोड रूप. दुसरं म्हणजे पान. सकाळी उठल्यापासून तोंडात पान. बोलताना चपचप, गातानासुद्धा गालात ठेवलेलं. शेजारी पितळेची पिकदाणी. शेवटच्या आजारपणात ती पिकदाणी रोज मी धुतली, श्वास रोखून. हे मोठेपणासाठी सांगत नाहीये. त्या आवाजाशी माझं काय नातं होतं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय.

गेल्या वर्षी माझ्या नणंदेच्या मुलीचं, जानकीचं लग्न ठरलं. अप्पांनंतरचं घरातलं पहिलंच लग्न. सुंदरी अक्का, म्हणजे माझी नणंद, एका रविवारी सकाळीच घरी आली आणि सोफ्यावर बसून म्हणाली, "मेधा, अप्पा नाही तर ऊंजलला गाणं कोण देईल मा?"

"जुनं एखादं म्हणू या की," मी म्हणाले.

"अय्यो, तसं चालत नाही!"

आई कीरै निवडत बसल्या होत्या, म्हणजे पालेभाजी. मान वर न करता म्हणाल्या, "गाणं नाही तर मी येत नाही. तुम्ही जा."

अक्काचा चेहरा उतरला. एकुलत्या एका मुलीचं लग्न आणि आई येणार नाही. आई एकदा नाही म्हणाल्या की नाहीच. अप्पा गेल्यापासून त्या तशाही घराबाहेर पडत नव्हत्या. अक्का जाताना जिन्यात माझा हात धरून रडली. जानकीचा रात्रीपर्यंत मेसेज आला, इंग्रजीत, 'मामी please do something'.

तर मी समथिंग केलं.

शाळेत आम्ही प्रश्नपत्रिका काढायला चॅटबॉट वापरतो. सगळेच वापरतात, उगाच साळसूदपणा नको. मला वाटलं, गाणंही करेल. अप्पांची वही काढली. त्यांनी मराठी लिहिलंय तमिळ लिपीत, जी मला अडखळत वाचता येते. म्हणून रघू वाचायचा आणि मी देवनागरीत टाइप करायची. एकोणीस लग्नांची एकोणीस गाणी, चार संध्याकाळी. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच की वहीत असेल कुठेतरी. त्या वहीतला शब्द न् शब्द माझ्या बोटांखालून गेलेला आहे.

मग त्या यंत्राला सांगितलं, या माणसासारखं एक नवं गाणं लिही. नवरीचं नाव जानकी, याची नात. घरातल्या बायकांची नावं ही अशी — आठ नावं दिली.

त्याचं उत्तर आलं, 'वा! किती हृद्य कल्पना आहे! आजोबांच्या स्मृतींना शब्दांत गुंफणं हा खरंच सन्मान आहे!' पुढे हात जोडलेले, पुढे फूल, पुढे हृदय. मला तिथेच मळमळायला लागलं. अप्पांच्या मर्तिकाला एक लांबचे काका आले होते, ते प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरून कुरवाळत होते... तसंच वाटलं. पण गाणं आलं ते बरं होतं. बरं काय, चांगलं होतं. चंदनाची फळी, सोन्याची साखळी, 'झुलते गं जानकी, लेक मोठ्या मानाची'. थेट अप्पा. शेवटच्या कडव्यात आठही नावं नीट ओवलेली. आणि सगळ्यात शेवटी दोन ओळी, ज्या मी मागितल्या नव्हत्या.

'सहा बोटांची तुंगा आली, तिला पाट मांडा,
बोटावरचा दोरा सोडा, मग झोका सोडा.'

मी रघूला दाखवलं. तो हसत सुटला. "चित्रं काढताना सहा बोटं काढायचं, आता गाण्यातपण काढायला लागलं!"

"तुंगा कोण तुमच्यात?"

"कोणी नाही. यमुना आहे, कावेरी आहे, मग तुंगा पण असू दे म्हणून घातलं असेल."

मलाही पटलं. ही यंत्रं मधूनच काहीतरी ठोकून देतात, ते रोजच बघते. मी म्हटलं शेवटच्या दोन ओळी काढ. 'नक्कीच! उत्तम सूचना!' म्हणत त्यानं काढल्या. मग गाणं म्हणून दाखवणारं एक वेगळं ॲप असतं, त्यात ते घातलं. चाल कशी हवी, आवाज कसा हवा ते लिहायचं. मी लिहिलं, तरुण बाई, मृदू आवाज, मागे तंबोरा.

घरी काय सांगायचं हे आधीच ठरलं होतं. 'अप्पांच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडलं. शेवटच्या आजारपणात स्वतःलाच मेसेज करून ठेवलं होतं. मी फक्त चाल कळावी म्हणून ॲपकडून गाऊन घेतलं.' इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. अक्कानं अप्पांच्या फोटोला हात जोडले. मी म्हटलं, जाऊ दे. आई येतील ना लग्नाला.

शनिवारी सकाळी अक्का आणि जानकी आल्या. आई नेहमीच्या जागी, खिडकीशी, कीरै निवडत. मी फोन टीपॉयवर ठेवून गाणं लावलं. पहिली दोन कडवी छान झाली. जानकी मान हलवत होती. नावं सुरू झाली, यमुना, सरसू, अंबुजा... आणि मग एक आवाज आला.

चप्.

ओला. तोंडाचा. दोनदा, तीनदा. चप्... चप्... माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, किळसेनं. पान! तोंडात पान धरून गातात ना, अगदी तसा. मला ती पिकदाणीच आठवली, तिच्या तळाशी बसलेला तो लाल-तपकिरी गाळ. आणि त्याच्या लागोपाठ तो मृदू बायकी आवाज म्हणाला, 'सहा बोटांची तुंगा आली...'

मी ते काढलं होतं! नंतर पाहिलं तर ॲपमध्ये जुनीच प्रत चिकटवलेली होती. ही माझी चूक असू शकते, मी मान्य करते. दोन्ही प्रती एकाखाली एक होत्या. तो आवाज म्हणजे ॲपचा दोष असू शकतो, असली ॲप्स गाताना श्वास घेतल्याचे आवाज मुद्दाम घालतात. हेही मान्य.

"तुंगा कोण मा?" अक्कानं विचारलं.

मी फोनकडे झेपावले. "काहीतरी चुकलंय, ती ओळ मी काढणार..."

"नको."

आई बोलल्या होत्या. हातातली कीरैची काडी तशीच होती. चेहरा कसा म्हणू... पाणी आटलेल्या भांड्यासारखा झाला होता.

"काढू नको. आहे एक. राहू दे तशीच." मग ती काडी खाली ठेवून म्हणाल्या, "सेरी, बरं. मी येते ऊंजलला."

अक्कानं मला मिठी मारली. सगळं व्यवस्थित पार पडलं होतं, नाही का? अक्का आणि रघूनं ठरवून टाकलं की तुंगा म्हणजे कुंभकोणमकडची कुणीतरी आजी-पणजी असणार. रघू मला आत नेऊन कुजबुजला, "बघ, नाव बरोबर लागलं की! काय नशीब!" त्याला ते मजेशीर वाटत होतं.

लग्न तांबरममध्येच होतं, बाजारामागच्या हॉलमध्ये. ऊंजलच्या वेळी आईंनी एक गोष्ट केली. घरून पिशवीतून एक छोटा लाकडी पाट आणला होता. तो त्यांनी झोपाळ्याच्या डाव्या बाजूला मांडला. एक मावशी बसायला गेली तर तिला हातानं अडवलं. बायका गाणं म्हणत होत्या, कागद वाटले होते. शेवटच्या दोन ओळी आल्या तेव्हा आई एकट्याच म्हणाल्या, बाकीच्या थांबल्या, का कोण जाणे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आवाज फाटलेला. दूध-केळं भरवून झाल्यावर आईंनी एक थेंब दूध त्या रिकाम्या पाटावरही सोडलं.

आणि सगळे मला येऊन सांगत होते — अप्पांचीच लेखणी! शेवटपर्यंत काय गोडवा! मेधा, तू शोधून काढलंस म्हणून! एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, असं आता कोणी लिहीत नाही. मी हसून मान डोलवत होते. दूध, केळं आणि फुलांचा वास एकत्र होऊन नाकात बसला होता. मी बाथरूममध्ये जाऊन चक्क ओकले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. त्या यंत्रानं गोड गोड बोलून सगळ्यांना चाटवलं आणि चमचा माझ्या हातात होता.

लग्नानंतर चौथ्या दिवशी, दुपारी. मी शाळेतून लवकर आले होते. रघू बँकेत. आईंनी कॉफी केली, दोन डबरे, म्हणजे कॉफीच्या वाट्या, टीपॉयवर ठेवले आणि माझ्यासमोर बसल्या.

"मेधा, ते गाणं त्यांचं नव्हे. मला ठाऊक आहे."

मी माझा डबरा उचलला.

"तू लिहिलंस म्हणून रागावले नाही. पण तुंगाचं नाव कोण सांगितलं तुला?"

"आई, मला कुणी सांगितलं नाही. मला माहीतच नाही तुंगा कोण."

 मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहू शकत नाही, सगळं एका दमात सांगितलंही नाही त्यांनी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, कुंभकोणमच्या घरी, त्यांना पहिली मुलगी झाली. रघू आणि अक्काच्या कितीतरी आधी. तुंगा. डाव्या हाताला करंगळीच्या बाहेर एक सहावं बोट होतं, इवलंसं, नखासकट. सुईण म्हणाली, घट्ट दोरा बांधा, चार दिवसांत वाळून गळून पडेल. तेव्हा सगळे तसंच करायचे. अप्पांचा हात स्थिर म्हणून त्यांनी बांधला. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, नादासाठी एक रेशमी दोरा असतो ना... तो काढून.

"गळून पडलं नाही," आई म्हणाल्या. "काळं झालं. मग हिरवं. वास यायचा. मी म्हणाले सोडा, दोरा सोडा म्हणून. सासूबाई म्हणाल्या अजून एक दिवस. हे पण म्हणाले एक दिवस. आणि ती... ते बोटच तोंडात घालायची. भूक लागली की तेच चोखायची. चप्, चप्."

माझ्या हातातला डबरा मी खाली ठेवला. कॉफीवर साय धरली होती.

अकरा दिवस. अकराव्या दिवशी ती गेली. अप्पांनी सांगितलं, हे नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही. पुढे अक्का झाली, रघू झाला, त्यांना काही कळू दिलं नाही. दर लग्नाला अप्पा गाणं लिहायला बसले की आई जाऊन सांगायच्या, गेलेल्या सगळ्यांना बोलावता, तिलाही बोलवा. एक ओळ होणा, एकच हवी. एकोणीस वेळा सांगितलं. एकोणीस वेळा ते पान लावत बसले, उत्तर दिलं नाही. लग्नात पणज्या आल्या, आज्या आल्या, सांगलीहून मेधा आली. तुंगाला वाट कुणी दाखवली नाही.

मला त्या क्षणी कशाकशाची किळस आली ते सांगता येत नाही. त्या बोटाची नाही. जिला ओल्या पायपुसण्याची येते तिला त्या बोटाची आली नाही, हे मलाच नवल. अप्पांच्या गोडव्याची आली. माझ्या लग्नात ज्या ओळीवर मी रडले तिची आली. हॉलच्या कोपऱ्यात खोळीत तो तंबोरा उभा असतो, त्याला मी दर दसऱ्याला फूल वाहते.

"आता हे नाव माहीत असणारी मी एकटी," आई म्हणाल्या. "सुईण गेली, सासूबाई गेल्या, हे गेले. मग तुला कोण सांगितलं?"

मग मी खरं सांगितलं. मोबाइल, वही, यंत्र, सगळं. मला वाटलं त्या चिडतील. त्या पुढे सरकल्या.

"त्याला विचार. नाव कुठून आणलंस म्हणून विचार."

मी विचारलं. खरंच टाइप केलं, त्यांच्यासमोर. उत्तर दोन सेकंदांत आलं आणि मी ते वाचून दाखवलं. 'खूप छान प्रश्न! तुंगा हे नाव मी लयीच्या सोयीसाठी काल्पनिक म्हणून योजलं होतं. गैरसोयीबद्दल क्षमस्व! हवं असल्यास त्याऐवजी गिरिजा, वनजा किंवा शैलजा वापरून पाहू या का?' आणि फूल.

गिरिजा, वनजा किंवा शैलजा! मला तो फोन खिडकीतून खाली फेकावासा वाटला.

आईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी ते ऐकलंच नसावं. त्या फोनकडे बघत होत्या, जरा वाकून, पाळण्यात बघतात तशा.

"मग तिलाच विचार," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"तिला. दुखलं काय म्हणून विचार."

खालून एक लोकल गेली. 

मला माहीत होतं, विचारलं तर ते उत्तर देईल. त्याला काहीही विचारा, ते उत्तर देतंच. दोन सेकंदांत, गोड शब्दांत, पुढे हृदय काढून, अकरा दिवसांच्या पोरीच्या तोंडून बोलेल. आणि समोर ही बाई पन्नासएक वर्षं थांबलेली. माझ्यानं ते टाइप होईना. बोटं काचेच्या वर नुसती हलवली, काही न दाबता. स्क्रीनकडे बघून थोडं थांबले. मग म्हणाले,

"नाही आई. दुखलं नाही म्हणतंय."

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोनकडेच बघत होत्या. मग हळूहळू मागे सरून बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे मी एरवी आरशात बघते. वरचा ओठ जरा उचललेला. किळस.

"खोटं," त्या म्हणाल्या. "रात्रंदिवस रडली ती. खोटं बोलतंय ते. पोदुम, पुरे झालं. काढून टाक ते, मेधा. असलं खोटारडं घरात नको."

मी त्यांच्यासमोर ते काढून टाकलं. ॲपसुद्धा, गाण्यासकट. त्यामुळे आता तो आवाज कुणाला ऐकवता येणार नाही, मागू नका. नंतर रघूला घेऊन बाकीचं सगळं पुन्हा तपासलं. वही दोनदा वाचली. मी टाइप केलेला मजकूर आहे, त्यात तुंगा नाही, सहा बोटं नाहीत, दोरा हा शब्दसुद्धा नाही. कुंभकोणमला असली नोंद कुठे असण्याची शक्यता नाही, घरात जन्म, घरात मृत्यू. योगायोग म्हणाल तर नावाचा समजेल. बोटाचाही एकवेळ समजेल. नाव, बोट आणि दोरा तिन्ही एकत्र? मी विज्ञान शिकवते. मुलांना सांगते, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. मला माहीत नाही.

तो पाट आई आता हॉलमध्येच ठेवतात, खिडकीशी, त्यांच्या शेजारी. त्यावर कुणी बसत नाही. रघूला सगळं सांगितलं, तो त्या दिवसापासून तंबोऱ्याच्या बाजूला बसत नाही. आई मात्र बऱ्या आहेत. जेवतात, बाहेर पडतात, अक्काकडे जाऊन राहतात. मधूनच त्या यंत्राची आठवण निघाली की तोंड वाकडं करून म्हणतात, नाव तेवढं कुठून तरी बरोबर ऐकलं त्यानं, बाकी खोटारडं.

त्या सगळ्यात ते एकदाही खोटं बोललं नव्हतं. खोटं बोलणारी मी. हे आईंना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.